अँडॉर, दुसरा सीझन : ताणा आधी भरलेली गोष्ट

स्टार वॉर्सवरून माझं आणि पुण्याच्या मामेभावाचं भांडण डिसेंबर 2017 पासून चालू आहे. त्याला आम्ही सगळी भावंडं दादा म्हणतो. 'द लास्ट जेडाय' बघून बाहेर पडलो आणि पार्किंगमध्येच तो म्हणाला, "हा ल्यूक आपला नव्हे रे." तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला आमचा हाच विषय. 'अँडॉर' या स्टार वॉर्स मालिकेचा दुसरा सीझन तो बघायला तयार नाही, कारण त्याच्या मते यात जेडाय, म्हणजे प्रकाशाची तलवार चालवणारे योद्धे, नाहीत, म्हणजे हे स्टार वॉर्सच नाही. मी सगळा सीझन दोनदा बघितला. हे त्याच्यासाठीही लिहितोय. घोरमन या ग्रहाच्या भागातलं थोडं उघड होईल, ज्यांना नको असेल त्यांनी आधी बघून या.

दादाचं म्हणणं हलकं नाही. ल्यूक हा पहिल्या चित्रपटांचा नायक. 1983 च्या चित्रपटात ज्या ल्यूकनं डार्थ व्हेडरसारख्या बापाबद्दलही आशा सोडली नाही, सम्राटासमोर उभं राहून तलवार फेकून दिली, तो 'द लास्ट जेडाय'मध्ये झोपलेल्या भाच्यावर तलवार उगारेल का? क्षणभर का होईना, उगारेल का? मलाही ते पटायला वेळ लागला. पण 'द लास्ट जेडाय'मध्येच रेला, म्हणजे नव्या चित्रपटांच्या नायिकेला, कळतं की तिचे आईबाप कोणीच नव्हते, दारूच्या पैशासाठी त्यांनी पोरीला विकलं. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. 1977 पासून ही सगळी आकाशगंगा एकाच घराण्याच्या भोवती फिरत होती, आणि इथे पहिल्यांदा मुख्य कथेची नायिका बिनगोत्राची निघाली. दोन वर्षांनी, 2019 मध्ये, तीच रे त्या सम्राटाची, पॅल्पटिनची, नात ठरली आणि शेवटी तिनं स्कायवॉकर आडनावही लावलं. त्या दिवशी भांडायला माझ्याकडे काही उरलं नाही.

मी इचलकरंजीचा. आजोबा मागावर होते, वडिलांनी यंत्रमाग घातले, मी पंधरा वर्षं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा व्यवहार बघतो. कापडात एक गोष्ट ठरलेली असते : ताणा, म्हणजे उभे धागे, आधी भरावा लागतो. किती धागे, कुठला काउंट (सुताची जाडी), पन्हा किती, हे ताण्याचं बीम मागावर चढायच्या आधी ठरतं. बाणा, म्हणजे आडवे धागे, नंतर. माग चालू असताना ताणा बदलता येत नाही, बदलायचा म्हटलं तर कापड कापून खाली उतरवावं लागतं. 2015, 2017 आणि 2019 च्या त्या तीन चित्रपटांचं नेमकं हेच झालं. 2015 चा एका दिग्दर्शकाचा, 2017 चा दुसऱ्याचा, तिसऱ्यासाठी ठरलेला कॉलिन ट्रेव्हॉरो सप्टेंबर 2017 मध्ये बाजूला झाला आणि पुन्हा पहिलाच दिग्दर्शक आला. गोष्ट कुठे पोचणार हे सुरुवातीला कोणी ठरवलेलंच नव्हतं. रे कोणाची मुलगी, यावर दादा आणि मी आठ वर्षं भांडलो, पण दोघांची खरी तक्रार एकच होती.

'अँडॉर'चा ताणा मात्र आधी भरलेला आहे. मालिकेचा नायक, बंडखोरांचा हेर कॅसियन अँडॉर, त्याचं पुढे काय होतं हे 2016 च्या 'रोग वन' चित्रपटामध्ये दाखवून झालेलं आहे, आणि मालिकेची सूत्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत टोनी गिलरॉयच्या हातात. मुळात पाच सीझन करायचे होते, ते दोनावर आले. म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन भागांत एक वर्ष, असे बारा भागांत चार वर्षं उरकतात, आणि शेवटचा भाग आपल्याला थेट 'रोग वन'च्या दारात आणून सोडतो. एप्रिल-मे 2025 मध्ये आठवड्याला तीन, असे चार आठवडे भाग आले. आपल्याकडे जिओहॉटस्टारवर आहे.

आता घोरमन. या ग्रहावरचे लोक कापडवाले. कोळ्यांच्या रेशमापासून ते ट्विल विणतात आणि साऱ्या आकाशगंगेत त्याला मान आहे. पहिल्याच भागात साम्राज्याचे बडे अधिकारी बंद खोलीत बसून त्या कापडाची जाहिरात-फिल्म बघतात. मी ती थांबवून थांबवून बघितली. ट्विलमध्ये दर बाण्याला उचल एक धागा पुढे सरकते, म्हणून कापडावर तिरकी रेघ पडते. हात फिरवला तर बोटाला लागते ती रेघ. फिल्म संपते आणि त्याच खोलीत शांत आवाजात बोलणं सुरू होतं : घोरमनच्या जमिनीखाली कॅल्काइट नावाचं खनिज आहे, डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या महाशस्त्रासाठी ते हवंय, ते काढलं तर ग्रह राहण्यालायक उरणार नाही, आणि वर आठ लाख माणसं राहतात. मग त्या माणसांना आधी बदनाम कसं करायचं याचा खल. नुसत्या प्रचारानं भागणार नाही, तिथे हमखास चुकीचं पाऊल उचलतील असे बंडखोरही हवेत, असं साम्राज्याच्या गुप्तचर खात्यातली अधिकारी डेड्रा मीरो सुचवते. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं या गोष्टीत दुष्टपणा काळ्या मुखवट्यात आणि बोटातून निघणाऱ्या विजेत दिसला. इथे तो मीटिंगच्या टेबलावर, कागद पुढेमागे सरकवत चालतो.

घोरमनच्या लोकांना स्वतःची भाषा करून दिली आहे, फ्रेंच वळणाची. आठव्या भागात घोरमनच्या पाल्मो शहराच्या चौकात माणसं जमतात आणि त्या भाषेत आपलं गीत म्हणायला लागतात. पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की गीत सुरू होताना कॅमेरा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, दुकानदारांच्या, लॉजमध्ये काम करणाऱ्या पोराच्या तोंडावर थांबतो. एकाचंही घराणं आपल्याला ठाऊक नाही, आणि जीव मात्र प्रत्येकासाठी तुटतो. नवव्या भागात मॉन मॉथमा, बंडाला छुपी मदत करणारी सिनेटर, सिनेटमध्ये उभी राहून या प्रकाराला वंशसंहार म्हणते. 1983 च्या चित्रपटात हे पात्र पांढऱ्या कपड्यात येऊन हल्ल्याची योजना समजावून जातं, बस्स. इथे ते करणाऱ्या जेनेव्हिव्ह ओ'रायलीनं ते 2005 च्या चित्रपटातही केलं तेव्हा तिचे प्रसंग कापले गेले होते. वीस वर्षांनी तिला हे भाषण मिळालं, आणि तिनं त्याचं सोनं केलंय. भाषणाआधी तिचा श्वास कसा अडकतो ते नीट बघा.

उणिवा आहेत. पहिल्या तीन भागांत कॅसियन जंगलात एका भांडखोर टोळीच्या तावडीत सापडतो, ते प्रकरण फार लांबलं. वर्षाच्या उड्या मारताना काही नातीही हातातून निसटली. वेल आणि सिंटा या दोन बंडखोर प्रेयसींची ताटातूट आपल्याला दिसत नाही, नुसती कळते, आणि त्यामुळे पुढचा घाव जितका लागायला हवा तितका लागत नाही. पाच सीझन झाले असते तर, असं तिथे वाटत राहतं.

दादाचा मुख्य आक्षेप खरा आहे, दोन्ही सीझन मिळून चोवीस भागांत लाइटसेबर, म्हणजे जेडायची ती तलवार, एकदाही चालत नाही. पण दादा, तुझा ल्यूक डेथ स्टारवर गेला तो कोणीतरी चोरून आणलेल्या नकाशांच्या भरवशावर. 1977 च्या चित्रपटात सुरुवातीलाच पडद्यावर वर सरकणाऱ्या अक्षरांत त्या हेरांचा उल्लेख येऊन गेला. ती माणसं कोण, त्यांनी काय काय गमावलं, हे इथे आहे. ल्यूकच्या विजयाला याने कुठे धक्का लागत नाही, उलट तो जास्त महाग होतो.

बघायची पद्धत सांगतो. पहिला सीझन सोडू नका, सहावा भाग येईपर्यंत धीर धरा. दुसरा सीझन तीन-तीन भागांच्या चार बैठकांत बघा, मधेच तोडू नका. आणि शेवटचा भाग संपला की त्याच रात्री 'रोग वन' लावा.

मागच्या आठवड्यात दादानं कुरकुरत का होईना, पहिला सीझन सुरू केला. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, नार्किनाच्या तुरुंगाचा भाग संपल्यावर : "पुढचा आत्ताच बघू की उद्या?"

आत्ताच बघ, दादा.