आधी घर बघा, मग ठरवा: पुण्यात कुत्रा पाळावा की मांजर?

गेल्या महिन्यात बावधनहून भाचीचा फोन आला. "मावशी, कुत्रा आणू की मांजर?" ती आणि तिचा नवरा दोघंही हिंजवडीला नोकरीला, फ्लॅट नवव्या मजल्यावर, सासूबाई सोबत, आणि घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मी लगेच उत्तर दिलं नाही. आमच्याकडे कोथरूडला दोन्ही आहेत. बिट्टी ही आठ वर्षांची देशी कुत्री आणि सोन्या हा पाच वर्षांचा बोका. जीव दोघांवर सारखाच आहे, पण दोघांचं करणं अजिबात सारखं नाही. कुत्र्याला माणसांचा वेळ लागतो, मांजराला घराचा बंदोबस्त लागतो. आपल्याकडे यातलं काय कमी आहे ते आधी ओळखायचं.

वेळेचं आधी सांगते, कारण बहुतेक घरं तिथेच अडतात. मोठा कुत्रा सहा-आठ तास एकटा राहू शकतो, पण रोज दोनदा तरी त्याला नीट फिरवावंच लागतं, मग पाऊस असो की ताप आलेला असो. पिल्लाला तर दर दोन-तीन तासांनी शूला न्यावं लागतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला हे जमत नाही आणि दारामागे रडत बसलेल्या कुत्र्याचे हाल होतात. मांजर ऑफिसचा दिवस आरामात झोपून काढतं. लिटरचा, म्हणजे त्याच्या शू-शीच्या वाळूचा ट्रे मात्र रोज साफ व्हायला हवा. घरात कोणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करायचं, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण होऊ शकते. त्याची बीजं संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजच्या सफाईला महत्त्व आहे.

एप्रिल-मे

पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा कुत्र्याची जास्त काळजी. त्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही. हस्की इथे आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसभर एसी लावून त्याला एका खोलीत ठेवणं म्हणजे पाळणं नव्हे. बिट्टीला आम्ही सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीनंतरच नेतो. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघायची. सात सेकंद ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजणार. कुत्रा जोरजोरात धापा टाकतोय, लाळ गळतेय, पाय लटपटतायत असं दिसलं तर आधी अंगावर नळाचं साधं पाणी ओतायचं, पंखा लावायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

मांजर उन्हाळ्यात स्वतःची गार जागा शोधतं. सोन्या दुपारभर बाथरूमच्या फरशीवर असतो. त्याचा धोका वेगळा आहे: मांजरं मुळात पाणी कमी पितात. बोक्याची लघवी अडली, तो पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन कण्हतोय आणि बाहेर थेंबही नाही, असं झालं तर सकाळची वाट बघू नका. दिवसा-दोन दिवसांत जिवावर बेततं. पाण्याची भांडी जेवणापासून लांब, दोन-तीन ठिकाणी ठेवली आणि ओलं खाणं दिलं की पाणी पोटात जातं.

पावसाळा आणि गोचीड

माझ्या लेखी कुत्रा घेताना सगळ्यात जास्त विचार करायचा तो गोचिडीचा. ती कुत्र्याच्या अंगावर कमी आणि घरात जास्त राहते. भिंतीच्या भेगेत, फ्रेमच्या मागे, जिन्याच्या कोपऱ्यात. एक मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. वेताळ टेकडीवरून किंवा तळजाईवरून आल्यावर आम्ही बिट्टीला ओट्याजवळच्या दिव्याखाली झोपवतो. कानाच्या पाळीची घडी, पट्ट्याखालचा भाग, बोटांच्या मधली जागा, शेपटीचं मूळ. रक्त प्यायलेली गोचीड एरंडीच्या बीसारखी टणक, करडी लागते. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची, सरळ वर ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. बोटांनी चिरडायची नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोन आठवडे हा शिरस्ता मोडला. बिट्टीने भाकरी-दुधाकडे पाठ फिरवली तेव्हा मला कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी हिरड्या फिकट दिसल्या. दोन लाखांच्या वर हव्या असतात त्या प्लेटलेट्स चाळीस हजारांवर आल्या होत्या. तो गोचीडताप, म्हणजे एर्लिकिया होता. महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं आणि ती वाचली. तेव्हापासून गोचिडीवरची महिन्याची गोळी पावसाळ्यापुरती नाही, बाराही महिने देतो. पुण्याच्या हवेत गोचीड थंडीतही मरत नाही.

पावसाळ्यात कुत्र्याला दुसरी भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची. उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यातून तो होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. म्हणून पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूरोगांच्या लशीत लेप्टोही आहे ना ते विचारून घ्या आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. पिल्लू असेल तर लशींचे सगळे डोस होईपर्यंत ते रस्त्यावर नेऊच नका. पार्वोचा विषाणू जमिनीत कित्येक महिने तग धरतो.

घरातच राहणारं मांजर यातल्या बहुतेक गोष्टींतून सुटतं. पण इथे एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. कुत्र्याच्या मानेवर घालायचे गोचिडीचे थेंब मांजराला कधीही लावू नका. त्यांतल्या अनेकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. त्याने मांजराला झटके येतात आणि ते मरू शकतं. तसंच पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला घातक ठरते. घरात दोन्ही प्राणी असतील तर औषधांचे डबे वेगळे ठेवा.

पावसाळ्यातच आणखी एक शिकले. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडची एकतानगरी पाण्याखाली गेली. अशा वेळी कुत्रा दोरीला धरून बाहेर काढता येतो. घाबरलेलं मांजर मात्र कपाटामागे शिरतं आणि हाती लागत नाही. त्याला न्यायची पेटी माळ्यावर नको, कायम उघडी, आत चादर घालून जमिनीवर हवी. म्हणजे ती त्याची ओळखीची जागा होते.

खिडक्या आणि ताट

मांजर आणण्याआधी खिडक्या बघा. 'मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं' या समजुतीपायी किती मांजरं गेली असतील! ते पायांवर उतरलं तरी जबडा, छाती, पाय मोडतात. समोर कबुतर बसलं की त्याला उंचीचं भान राहत नाही. पुण्यात घरोघरी लावलेली कबुतरांची नायलॉनची जाळी पुरेशी नाही. सोन्याने ती खालच्या कोपऱ्यात दातांनी कुरतडून मुठीएवढं भोक पाडलं होतं, आणि ते मला कपडे वाळत घालताना दिसलं. त्यानंतर आम्ही स्टीलची बारीक जाळी चौकटीत बसवून घेतली. कुत्रा असेल तर गॅलरीच्या गजांमधलं अंतर तपासलं की बहुतेक वेळा भागतं.

ताटाचा प्रश्न शाकाहारी घरात आधीच बोलून घ्यावा. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारी जेवणावर राहू शकतो, डॉक्टरांना विचारून. मांजर नाही राहू शकत. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की हृदय आणि डोळे खराब होतात. तयार खाण्यात ते घातलेलं असतं, म्हणजे घरात चिकन शिजवायलाच हवं असं नाही. पण ते पाकीट घरात आलेलं चालेल का, हे सासूबाईंना विचारायलाच हवं. कांदा, मनुका, चॉकलेट दोघांनाही वर्ज्य. फुलदाणीतली लिली मांजराच्या घरात नकोच, तिच्या परागांनीही त्याची मूत्रपिंडं निकामी होतात.

सण, प्रवास, सोसायटी

विसर्जनाचे ढोल आणि दिवाळीचे फटाके दोघांनाही सोसत नाहीत. मांजर पलंगाखाली जातं आणि रात्री बाहेर येतं. कुत्रा दोर तोडून पळतो आणि हरवतो. त्या दिवसांत गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच, फिरवणं उजेडात उरकायचं आणि फार घाबरणाऱ्यासाठी डॉक्टरांकडून आधीच औषध आणून ठेवायचं. चार दिवस कोकणात जायचं तर मांजराला घरीच ठेवून रोज कुणी येऊन बघणं बरं. कुत्र्याला सोबत न्या किंवा आधी स्वतः बघून आलेल्या बोर्डिंगमध्ये ठेवा. थंडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरतात, त्याला जाड गोधडी द्या.

नसबंदी दोघांचीही करा. रेबीजची लसही दोघांना, दरवर्षी. "मांजर तर घरातच असतं" हे कारण नको, दार एकदाच उघडं राहावं लागतं. कुत्र्याचा महापालिकेचा परवाना काढा, त्याला लशीचा दाखला लागतो. सोसायटी प्राणी पाळायला बंदी घालू शकत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण शू-शी साफ करायची जबाबदारी आपलीच.

भाचीला मी सांगितलं, तुमच्या घरात आज कुत्रा नको. सकाळी आठ ते रात्री आठ कुणी हाताशी नाही, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना लिफ्टने चारदा खाली-वर झेपणार नाही. मांजर चालेल, शक्य तर एकाच आईची दोन पिल्लं, म्हणजे त्यांना एकमेकांची सोबत होते. दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. खाण्याच्या पाकिटांना सासूबाईंनी हो म्हटलं आहे, फक्त ती स्वयंपाकघरात नकोत, गॅलरीतल्या कपाटात ठेवायची. जाळीवाला शनिवारी मापं घ्यायला येतोय. पिल्लं बघायला तिने अजून कुणालाही फोन केलेला नाही.