मुनवरचं नेढं: 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'मधली जमीन

रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, उभं राहिलं की वारा माणसाला मागे रेटतो. राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यातही तेच. तीस वर्षं मी सह्याद्रीत अशी भोकं, घळी आणि सुळके शोधत हिंडले. मग एका उतरणीवर गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, डॉक्टरांनी वर्षभर डोंगर बंद केला, आणि त्या पावसाळ्यात भाच्यानं माझ्या लॅपटॉपवर 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा रॉकेट उडवायचा गेम टाकून दिला. "मावशी, यातही डोंगर आहेत," एवढंच म्हणाला. आता चारशेच्या वर तास झालेत. या गेमच्या रॉकेटांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी तिथल्या जमिनीबद्दल लिहिणार आहे, कारण पाटबंधारे खात्यात कंटूरचे, म्हणजे समान उंचीच्या रेघांचे, नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली आणि माझी नजर आधी उतारावरच जाते.

फेलिपे फालांगे यांनी मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीत असताना हा गेम सुरू केला. पहिली आवृत्ती जून २०११ मध्ये लोकांच्या हाती आली, पूर्ण गेम एप्रिल २०१५ मध्ये. यातली पृथ्वी म्हणजे कर्बिन, त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर. तिचा चंद्र मुन, त्रिज्या २०० किलोमीटर, पण गुरुत्वाकर्षण आपल्या चंद्राइतकंच: पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला, सेकंदाला १.६३ मीटरनं वाढतो. रॉकेट स्वतः जुळवायचं, उडवायचं, कक्षा स्वतः आखायची. हे शिकायला मला दोन महिने लागले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं वाटत नाही.

या गेममध्ये काही जागा 'अ‍ॅनॉमली' म्हणून दडवून ठेवल्या आहेत. त्या सापडाव्यात म्हणून कुणी बोट धरून नेत नाही. शोधायची रीत खऱ्या सर्वेक्षणासारखी आहे. मानवरहित यान ध्रुवावरून ध्रुवाकडे जाणाऱ्या कक्षेत सोडायचं. खाली ग्रह आपल्या अक्षावर फिरत राहतो, त्यामुळे दर फेरीला नवी पट्टी नजरेखाली येते आणि काही दिवसांत अख्खा गोल पाहून होतो. चांद्रयान-१ चंद्राभोवती शंभर किलोमीटरवरून असंच ध्रुवीय कक्षेत फिरलं होतं. कर्बनेट नावाच्या खिडकीत तुम्हाला खालच्या जमिनीचं चित्र दिसतं, आणि यानाचा 'मेंदू' चांगला असेल तर क्वचित एखाद्या ठिकाणी प्रश्नचिन्ह उमटतं. बस्स, एवढंच. पुढे काय आहे ते जाऊन बघायचं.

मुनवरच्या माझ्या पहिल्या प्रश्नचिन्हापासून मी नऊ किलोमीटर लांब उतरले. रोव्हर, म्हणजे चाकांची गाडी, सोबत होता. तिथे टायरची पकड पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे सेकंदाला आठ मीटरच्या पुढे गेलं की तो बर्फावर असल्यासारखा घसरतो. वीस मिनिटं राखाडी चढ-उतार पार केले. गोल लहान असला की क्षितिज किती जवळ येतं हे मी कागदावर काढलं होतं: दोन मीटर उंचीवरून पाहिलं तर मुनवर सपाट जमीन नऊशे मीटरच्या आतच संपते, पृथ्वीवर पाच किलोमीटरवर. त्यामुळे समोर जे आलं ते एकदम आलं नाही. आधी नुसता एक दगडी माथा. मला वाटलं सुळका असेल. मग त्या माथ्याखाली काळं आकाश दिसायला लागलं, आणि मग दोन्ही पाय जमिनीत रोवलेली अख्खी कमान. नेढंच ते! खालून माझं सगळं रॉकेट उभ्यानं गेलं असतं. वाऱ्यापाण्यानं ते झिजवलं म्हणावं तर तिथे वारा नाही, पाणी नाही. मी रोव्हर कमानीच्या मधोमध उभा केला आणि कॅमेरा फिरवून कर्बिन बरोबर पोकळीत येईल असा लावला. रात्रीचे अडीच वाजले होते. भाच्याला फोटो पाठवला. त्याचं सकाळी उत्तर आलं: "मला हे माहीतच नव्हतं." तो पाच वर्षं हा गेम खेळतोय.

मुनवरच विषुववृत्ताजवळ अपोलो ११ च्या उतरणीचं स्मारक आहे. ड्यूना हा तांबडा ग्रह, त्यावर माणसाच्या चेहऱ्यासारखी टेकडी आहे. व्हायकिंग १ नं जुलै १९७६ मध्ये मंगळावर टिपलेल्या 'चेहऱ्या'ची ही आठवण. तिथलाच एक पिरॅमिड रेडिओवर चित्र पाठवण्याच्या जुन्या पद्धतीनं कर्कश आवाज सोडतो. कर्बिनचा दुसरा चंद्र मिनमस, त्याची पुदिन्याच्या रंगाची मैदानं मात्र कुणी अ‍ॅनॉमली म्हणत नाही, आणि मला ती सगळ्यांत विचित्र वाटतात. कोकणातला सडासुद्धा इतका सपाट नसतो. कंटूर काढायला बसलात तर एकही रेघ ओढावी लागणार नाही. उंची शून्य म्हणजे शून्यच.

बॉप या उपग्रहावर एक मेलेला क्राकेन पडलेला आहे, आणि त्याची गोष्ट सांगायलाच हवी. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये लांबच्या प्रवासात धडधाकट यानं आपोआप थरथरून फुटायची. खेळाडूंनी या अदृश्य राक्षसाला क्राकेन नाव दिलं. कारण आकड्यांचं होतं: अशा गेममधली दशांश संख्या साधारण सातच अंक धरते. मूळ बिंदूपासून बारा हजार किलोमीटरवर, म्हणजे मुनच्या अंतरावर, दोन लागोपाठच्या आकड्यांमध्ये एक मीटरची फट पडते. मग यानाचे सुटे भाग एकमेकांच्या तुलनेत नेमके कुठे आहेत हे गणिताला कळेनासं होतं. उपाय फार सुंदर काढला. यान मूळ बिंदूपाशीच ठेवलं आणि सगळं विश्व त्याच्याभोवती सरकवलं. बॉपच्या उतारावर ते हिरवं धूड पाहताना मला हे सगळं ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला.

पण माझी सगळ्यांत लाडकी जागा कुणी मुद्दाम ठेवलेली नाही. मोहो हा सूर्याच्या सगळ्यांत जवळचा ग्रह. त्याच्या उत्तर ध्रुवावर एक अरुंद, खोल भोक आहे. त्याला 'मोहोल' म्हणतात. उंचीचा चौकोनी नकाशा गोलावर गुंडाळला की त्याची वरची अख्खी कड ध्रुवाच्या एका टिंबात चुणली जाते, आणि तिथे गणित फसलं की असं काहीतरी उरतं. आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये कंटूर एकमेकांवर चढले की साहेब शीट परत पाठवायचे. इथे ती चूक तशीच राहिली आणि ती एक जागा झाली. सांदण दरीत उतरताना आभाळ जसं चिंचोळं होत जातं, तसं इथेही होतं. मोहोचा अक्ष कललेला नाही, त्यामुळे ध्रुवावर सूर्य कायम क्षितिजाजवळच फिरतो आणि तळाशी ऊन म्हणून पोचत नाही. मुनवरची कमान कुणीतरी माझ्यासाठी ठेवली होती, हे मला तिथे उभं असताना जाणवत होतं. मोहोलच्या काठावर ते जाणवलं नाही. रतनगडाचं नेढंही माझ्यासाठी कुणी ठेवलेलं नाही.

घ्यावा का? ज्याला नकाशा वाचायला आवडतो त्यानं नक्की घ्यावा. मराठी नाही, इंग्रजीवर भागवावं लागतं, आणि गेममधले धडे रॉकेट उडवायला शिकवतात, शोधायला नाही. नुसतं भटकायचं असेल तर 'सँडबॉक्स' निवडा. पैशांचा हिशोब राहत नाही. दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेतच विक्रीला आला होता. मी सांगतेय तो पहिला.

आणि मोहोलमध्ये उतरणार असाल तर लँडरला, म्हणजे उतरणाऱ्या यानाला, चारही बाजूंनी दिवे लावा, एक दिवा थेट खाली रोखलेला ठेवा. काठावर पोचण्याआधी गेम सेव्ह करा. मी पहिल्यांदा दिव्यांशिवाय गेले होते, आणि डावी भिंत दिसली तेव्हा ती लँडरच्या पायापासून दोन मीटरवर होती.