शुक्राचा १२ इंची गोल, घ्याल तर सोबत भिंग पण घ्या

जळगावला शाळेचं सामान मिळतं अशा एका दुकानातून घेतला, १४५० ला पडला. आम्ही अमळनेरकडचे, उन्हाळ्यात गच्चीवरच झोपतो, तिथे शुक्राची चांदणी बघून पोरीने विचारलं पप्पा तिच्यावर डोंगर असतील का, म्हणून आणला. ५ पैकी ४ स्टार.

पहिलं म्हणजे गोलावरचं चित्र कॅमेऱ्याचा फोटो नाहीये. शुक्रावर ढग कधी हटतच नाहीत, म्हणून १९९० पासून नासाच्या मॅगेलन यानाने ढगांतून आरपार जाणाऱ्या रडार लहरी खाली सोडल्या आणि परत आलेल्या टिपल्या, एका फेरीत साधारण २० किलोमीटर रुंदीचा लांबलचक पट्टा, असे पट्टे शेजारी शेजारी लावत ९८ टक्के ग्रह जोडला! मी हिशोब केला, या गोलावर एक पट्टा जेमतेम अर्धा मिलिमीटर येतो. तर उभ्या बारीक रेघा न् मध्येच काळी फट दिसली की छपाई खराब म्हणून परत करू नका, तिथला डेटाच आलेला नव्हता.

दुसरं, उजळ म्हणजे उंच असं नाही, उजळ म्हणजे खडबडीत. नांगरलेलं वावर आणि डांबरी रोड, ढेकळांवर आपटून लहर यानाकडे परत येते, गुळगुळीत जागेवरून ती भलतीकडेच निघून जाते म्हणून तिथे काळं दिसतं. सोबतच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही, त्याचाच एक स्टार कापला. हे माहीत नसेल तर पोरं अख्खा गोल चुकीचा वाचतील.

उत्तरेकडे मॅक्सवेल पर्वत आहे, ११ किलोमीटर उंच, बोट ठेवून लगेच दाखवता येतो. शुक्रावर नावं जवळपास सगळी बायकांची, हा पुरुषाच्या नावाचा एकटा. आणि आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवर पण आहे, ३४ किलोमीटरचं, म्हणजे गोलावर मोहरीपेक्षाही बारीक, त्यामुळे नाव छापलेलं नाही. अक्षांश रेखांश मोजत, भिंग लावून पाऊण तास शोधलं आणि सापडल्यावर पोरीने पेनाने बाण काढून ‘आनंदीबाई’ लिहिलं.

गोलावर चिकटवलेल्या कागदाची एक पाकळी सांध्यावर थोडी सरकलेली आहे. दुकानवाले काका बदलून देतो म्हणाले, पण पोरीने तोवर बाण काढला होता, तो गोल आता ती देत नाही.