नाशिकमधील एका खासगी पशुरोग प्रयोगशाळेची वराह-इन्फ्लूएंझा तपासणी

दिंडोरी तालुक्यात आमचे छोटे वराहपालन आहे आणि शेडला लागून असलेल्या मक्यात रानडुकरे उतरतात. जनावरांना ताप आणि खोकला सुरू झाल्यावर रानडुकरांनीच रोग आणला, असे सर्वांनी ठरवून टाकले होते. म्हणून शहरातील एका खासगी प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली.

नमुना घेण्यापूर्वी लक्षणे केव्हा दिसली, हे तेथील पशुवैद्यकांनी बारकाईने विचारले. इन्फ्लूएंझाचा (फ्लूचा) विषाणू नाकातील स्रावात साधारण आठवडाभरच सापडतो, त्यामुळे ताप नुकताच आलेल्या जनावरांचेच स्वॅब आरटी-पीसीआरसाठी, म्हणजे प्रत्यक्ष विषाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, घेतले गेले. रक्तातील प्रतिपिंडांची (रोगाविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांची) एलायझा चाचणी स्वस्त असली तरी तिच्यातून पूर्वी कधीतरी संसर्ग झाला होता एवढेच कळते, आणि लहान पिलांत आईकडून आलेली प्रतिपिंडेही दिसू शकतात, हे त्यांनी आपणहून सांगितले. महाग चाचण्यांची यादी पुढे सरकवणाऱ्यांच्या तुलनेत हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटला.

अहवालात इन्फ्लूएंझा ए आढळला. मात्र तो रानडुकरांकडून आला की कामगारांकडून, हे या चाचणीवरून ठरवता येत नाही, असे त्यांनी लेखी दिले. २००९ च्या साथीतील एच१एन१ विषाणू अनेक देशांत माणसांकडूनच वराहांत गेला होता, तेव्हा सर्दी झालेल्या कामगाराला शेडमध्ये येऊ देऊ नये आणि कुंपणही दुरुस्त करावे, हा त्यांचा सल्ला मला पटला. शेताच्या बांधावर मेलेल्या रानडुकराचा नमुना आणू का, असे विचारल्यावर त्यांनी साफ नकार दिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो विषय वनविभागाचा आहे, आणि याबाबतीत त्यांचेच बरोबर होते.

उणिवा व्यवहाराच्या आहेत. विषाणूचा उपप्रकार ओळखण्यासाठी नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो, पण त्याचे वेगळे शुल्क दूरध्वनीवर कोणी सांगत नाही. स्वॅब थंड ठेवण्यासाठी बर्फाचा डबा आपणच न्यायचा असतो. रविवारी प्रयोगशाळा बंद असते, त्यामुळे शनिवारी दुपारी दिलेला नमुना सोमवारपर्यंत तसाच राहतो. शक्य तो आठवड्याच्या सुरुवातीलाच जावे.