कृष्णविवराचं वस्तुमान: ताऱ्यांवरून काढावं की वायूवरून?

एकाच दीर्घिकेचा ताऱ्यांचा वर्णपटही हाताशी आहे आणि वायूचाही. मग मध्यावरचं कृष्णविवर कशावरून तोलावं? मी सुरुवात वायूपासून केली होती. उत्सर्जनरेषा (वायूच्या वर्णपटातल्या चमकदार रेषा) ठळक असतात, कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या तबकडीचं फिरणं वेगाच्या नकाशात पाहताक्षणी कळतं, गणितही लवकर उरकतं. ताऱ्यांसाठी हजारो कक्षा काढायच्या, त्यांचं मिश्रण दीर्घिकेच्या प्रकाशाशी आणि शोषणरेषांच्या (ताऱ्यांच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांच्या) आकाराशी जुळवायचं, आणि प्रत्येक संभाव्य वस्तुमानासाठी हे सगळं पुन्हा करायचं.

तरी मी ताऱ्यांकडे वळलो, ते तबकडीच्या कलापायी, म्हणजे ती आपल्या दृष्टीला किती कललेली आहे त्या कोनापायी (समोरून दिसली तर शून्य, कडेने दिसली तर 90 अंश). वायूवरून आलेल्या आकड्याला कलाच्या साइनच्या वर्गाने भागावं लागतं. माझ्या दीर्घिकेतली तबकडी जवळजवळ समोरून दिसत होती. कल 30 अंशांऐवजी 25 धरला की वस्तुमान थेट 1.4 पट. दोन्हींपैकी खरा कल कुठला, हे काही केल्या ठरेना. तबकडी आतल्या बाजूला पिळवटलेली, त्यामुळे बाहेरचा कल आत लागू पडेना. शिवाय मध्याजवळच्या रेषा नुसत्या फिरण्याने व्हाव्यात त्याहून रुंद होत्या. वायूला धक्के बसतात, प्रारण ढकलतं. तारा मात्र गुरुत्वाकर्षणाखेरीज कुणाचंच ऐकत नाही.

एम87 या दीर्घिकेचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. 2011 साली ताऱ्यांवरून 6.6 अब्ज सूर्यांइतकं वस्तुमान आलं, 2013 साली वायूवरून 3.5 अब्ज. मग 2019 मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने (जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने) कृष्णविवराच्या सावलीभोवतालचं कडं मोजलं आणि आकडा निघाला 6.5 अब्ज. एका दीर्घिकेवरून नियम काढू नये, हे मान्य. ताऱ्यांचा आकडाही अढळ नाही: एम87चा आकार त्रिअक्षीय (तिन्ही दिशांना वेगवेगळ्या लांबीचा) धरल्यावर 2023 साली तो 5.4 अब्जांच्या आसपास आला. त्याआधी, कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य) हिशेबात घेतल्यावर तो दुपटीहून वाढला होता. म्हणजे दीर्घिकेच्या बाहेरच्या भागाबद्दल आपण काय गृहीत धरतो, ते थेट मध्यावरच्या आकड्यात उतरतं. ताऱ्यांची वाट धरलीत तर सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

एनजीसी 4258 या दीर्घिकेतल्यासारखी पातळ, जवळजवळ कडेने दिसणारी, पाण्याचे मेसर (पाण्याच्या रेणूंमुळे लेसरसारखे तेजस्वी रेडिओ-स्रोत) असलेली तबकडी हाती लागली तर मीसुद्धा डोळे झाकून वायूच घेईन. तशी दीर्घिका क्वचितच मिळते. एरवी, कृष्णविवराचं प्रभावक्षेत्र (जिथे ताऱ्यांच्या गतीवर त्याचंच गुरुत्वाकर्षण वरचढ असतं तो भाग) दुर्बिणीला वेगळं दाखवता येत असेल, तर मी संगणक आठवडाभर चालू ठेवायला तयार असतो.