आईच्या साड्यांची गोधडी: पंचवटीतल्या मावशींचं काम एक नंबर

आई गेल्यावर कपाटभर कॉटनच्या साड्या तशाच पडून होत्या, कुणाला देऊन टाकायचं मन होईना, मग वहिनी म्हणाली गोधड्या शिवून घेऊ, नातवंडांना एकेक. पंचवटीत पेठ रोडच्या बाजूला एक मावशी घरीच शिवतात, सगळं हाताने, मशीनला हातच लावत नाहीत. धावदोरा इतका बारीक आणि सरळ की बघत राहावं. साड्या बघून सिंथेटिक सगळ्या बाजूला काढल्या, घाम शोषत नाही म्हणाल्या, आणि येवल्याची पैठणी तर परतच दिली, जर टोचते, ही सुनेला नेसू दे. नुसतं पैशाकडे बघणारा माणूस असं सांगत नाही हो.

आई नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होती, त्यामुळे ड्युटीवरच्या फिक्या साड्याच जास्त. नातवंडांना ऐटीत सांगायची, तुमचे पासपोर्ट आमच्या प्रेसमध्ये छापतात, नीट वापरा! रिटायर झाली तरी पहाटे उठून डबे करायची, कुणाला न्यायचा असो नसो. मावशींनी तिची निळ्या काठाची साडी मधोमध घेतली, धाकटीने लगेच ओळखली, "आजी शाळेत सोडायला यायची तेव्हाची."

तक्रार एकच, वेळ फार लावतात. दिवाळीला देते म्हणाल्या आणि संक्रांत उजाडली, फोनही पटकन उचलत नाहीत. पैसे मात्र वाजवी. आणि हो, साड्या धुवून, फॉल उसवून न्या, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.