आयपी फोन कॅम्पसवर : बोर्डावर बसणारीचा अभिप्राय

आवाजाला पाचपैकी पाच, रोजच्या सोयीला चार, आणि लाइट गेल्यावर काय होतं त्याला एक. आमच्या संस्थेच्या कॅम्पसवर बसवलेल्या नव्या आयपी फोन यंत्रणेला, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनना, मी असे वेगवेगळे गुण देते. सगळं मिळून एकच आकडा दिला तर जुना टेलिफोन बोर्ड काढायच्या विचारात असलेल्या दुसऱ्या संस्थांना त्यातून काहीच कळणार नाही, आणि हे लिहितेय ते त्यांच्यासाठीच.

मी १९९८ पासून टेलिफोन ऑपरेटर आहे. तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. परीक्षा आल्या की ०२३१ लावून लावून बोटं दुखायची. २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं आणि ते एसटीडी कॉल संपले. पुढे पीआरआय लाइन आली, एका वेळी ३० जण बाहेर बोलू शकतील अशी. कॅम्पसच्या आतली व्यवस्था मात्र तीच राहिली: माझ्या खोलीत बोर्ड, शेजारी बॅटऱ्यांची रांग, तिथून जमिनीखालून प्रत्येक इमारतीला गेलेली तांब्याची केबल.

त्या केबलीने त्रासही कमी दिला नाही. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की लायब्ररीच्या फोनवर नुसती खरखर. मे महिन्यात वळीव आला आणि जवळपास वीज पडली की बोर्डातलं, आतले फोन जोडलेलं एक्स्टेंशन कार्ड गेलंच म्हणून समजा, एका फटक्यात आठ-आठ फोन बंद. कार्ड दुरुस्तीला पाठवायचं तर जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनात. त्यामुळे बोर्ड बदलायला माझा विरोध कधीच नव्हता, नवीन यंत्रणेची मागणी आमच्याच विभागातून गेली होती.

आता इमारतींमध्ये फायबर आहे. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून वळवाची ती धास्ती संपली. आवाज इतका स्वच्छ की प्राचार्यांना पलीकडचा माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. कुणाची जागा बदलली तर फोन उचलून नव्या टेबलावर लावायचा, एक्स्टेंशन, म्हणजे आतला नंबर, तेच राहतं. पूर्वी त्यासाठी क्रोनवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडलेल्या असतात त्या पट्टीवर, जंपर मारायला (तार बदलून जोडायला) माणूस बोलवावा लागायचा. आणि निकालाच्या दिवसांत परीक्षा विभागाचे कॉल रांगेत थांबतात, एंगेज टोन ऐकून लोक वैतागत नाहीत. या एका गोष्टीने माझं काम खूप हलकं केलं.

सुरुवातीला संध्याकाळी आवाज तुटायचा. एका कॉलला इंटरनेटचा शंभर केबीपीएस इतका थोडा वेगसुद्धा लागत नाही, त्यामुळे प्रश्न वेगाचा नव्हताच. वसतिगृहातली मुलं व्हिडिओ बघायला बसली की त्या गर्दीत बोलण्याची पाकिटं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे आवाजाचे तुकडे, अडकायची. फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधली स्वतंत्र वाट) करून त्याला आधी जाऊ दिल्यावर ते थांबलं. हे काम करारात पहिल्या दिवसापासून लिहून घ्या, नंतर सांगितलं की वेगळं बिल येतं.

आता लाइट जाण्याचं. जुन्या बोर्डावर माझ्या खोलीतल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट तारेतूनच प्रत्येक फोनपर्यंत पोहोचायचे. सगळा कॅम्पस अंधारात असला तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचाच. आयपी फोनला वीज मिळते त्या इमारतीतल्या नेटवर्क स्विचकडून (तिथली सगळी उपकरणं नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याकडून) आणि तो स्विच चालतो तिथल्या यूपीएसवर. मुलींच्या वसतिगृहाचा स्विच जिन्याखालच्या लोखंडी कपाटात आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, त्या कपाटाच्या दाराला दुपारी हात लावून बघा, चटका बसतो. अशा उष्णतेत बॅटरी लवकर मरते. उन्हाळ्यात एका रात्री लाइट गेली, अर्ध्या तासात यूपीएस बंद पडला आणि वसतिगृहाचा, मागच्या गेटचा, आरोग्य केंद्राचा असे सगळे फोन एकदम गेले. त्याच वेळी एका मुलीला दम्याचा झटका आला होता. रेक्टर मॅडमच्या मोबाइलवरून १०८ ला फोन लागला, ॲम्ब्युलन्स आली, मुलगी बरी आहे. पण गेटवरच्या वॉचमनला गाडी आत घ्यायला सांगायचं तर कुणाला तरी पळत जावं लागलं. ते ऐकल्यापासून हा मुद्दा मी प्रत्येक बैठकीत मांडते.

खरं तर एका टेबल फोनला चार-पाच वॅट पुरतात. यूपीएस रिकामा केला तो त्याच स्विचवरच्या कॅमेऱ्यांनी आणि वायफायच्या डब्यांनी. उपाय महाग नाही. गेट, वसतिगृहं, आरोग्य केंद्र, लिफ्ट आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा एवढ्या ठिकाणी साधे जुने फोन ठेवायचे. सर्व्हर रूममध्ये एक एफएक्सएस गेटवे, म्हणजे साधे फोन आयपी यंत्रणेला जोडणारा डबा, बसवायचा, तिथल्याच मोठ्या बॅटरीवर चालणारा, आणि जमिनीत पडून असलेल्या तांब्याच्या जोड्यांवरून या फोनना लाइन द्यायची. आकाशातल्या विजेच्या फटक्यापासून वाचवायला क्रोनवर अरेस्टर लावायचे. गेटवे नव्या यंत्रणेलाच जोडलेला असतो, त्यामुळे नंबरही तेच राहतात. आमच्या पुरवठादाराने ही कल्पना आधी उडवून लावली, ‘जुनं कशाला ठेवता’ म्हणाला. नंतर मागच्या गेटपुरती करून दिली आणि तो फोन तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही.

दुसरी गोष्ट ११२ या आपत्कालीन नंबरची. आमच्याकडे बाहेर फोन लावायला आधी शून्य दाबायची सवय. घाबरलेल्या माणसाला ते आठवेल याची खात्री काय? अमेरिकेत टेक्सासमधल्या एका मोटेलमध्ये २०१३ साली आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून ९११ लावत राहिली. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायचा होता, ते तिला माहीत नव्हतं. आई वाचली नाही. त्यावरून २०१८ मध्ये तिथे कायदाच झाला की संस्थेच्या फोनवरून आपत्कालीन नंबर थेट लागला पाहिजे. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या इंजिनिअरला बसवून ११२ आणि ०११२, १०८ आणि ०१०८ हे चारही प्रकार चालू करून घेतले. तरी एक अडचण उरते. कॉल कुठल्याही इमारतीतून गेला तरी पलीकडे आमचा मुख्य नंबर दिसतो. म्हणून असा कॉल लागला की त्याच क्षणी सुरक्षा कक्षात घंटा वाजून एक्स्टेंशन दिसलं पाहिजे. ही सोय यंत्रणेत होती, फक्त कुणी चालू केली नव्हती.

बाहेरून फोन करणाऱ्यांसाठी लावलेली सूचना मला पटलेली नाही. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग मराठी, आणि शेवटी ‘ऑपरेटरसाठी शून्य’. मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोटकडून पालक फोन करतात. कुणी मराठीत बोलतं, कुणी कन्नडमध्ये, शहरातल्या पूर्व भागातून फोन असेल तर घरातली मोठी माणसं तेलुगूत सुरुवात करतात. “मॅडम, पोरीची फी भरायचीय, कुणाशी बोलू?” एवढंच त्यांना विचारायचं असतं. एवढं लांबण ऐकून ते फोन ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी एसटीने स्वतः येतात, एक दिवसाचा रोजगार बुडवून. मराठी पहिल्यांदा, शून्य सुरुवातीलाच, आणि शून्य दाबल्यावर उचलायला जिवंत माणूस, एवढं झालं तरी त्यांची फेरी वाचेल.

आता पुढच्या पाच वर्षांचा आराखडा तयार होतोय. त्यात टेबलावरचे सगळे फोन काढून प्रत्येकाच्या मोबाइलवर ॲप द्यायचा प्रस्ताव आहे. प्राध्यापकांच्या केबिनपुरता तो मला मान्य आहे. तिथले फोन दिवसभर वाजत नाहीत, त्यांची आपापसातली बोलणी व्हॉट्सॲपवर होतात. पण काही नंबर जागेचे असतात. शिष्यवृत्ती काउंटरचा नंबर त्या खिडकीचा आहे, आज तिथे बसलेल्या लिपिकाचा नाही. एका वर्षी प्रवेशाच्या पत्रकावर अशाच एका लिपिक ताईंचा खासगी मोबाइल छापला. त्यांची बदली झाली तरी रात्री अकरा-अकराला अनोळखी माणसांचे फोन येत राहिले, शेवटी त्यांना वीस वर्षांचा नंबर बंद करावा लागला. ॲप असेल तर ड्युटी संपल्यावर ते आपोआप बंद झालं पाहिजे आणि खासगी नंबर कुणालाच दिसता कामा नये, हे आराखड्यात स्पष्ट हवं.

आणि ०२१७ चा आपला जुना नंबर सोडू नका. मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे नाही. स्वस्त दरासाठी नवीन कंपनीकडे गेलात की नंबर गेला. तो जुन्या दाखल्यांवर आहे, गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेला आहे, माजी विद्यार्थ्यांच्या वह्यांत आहे. स्वस्त लाइन जावक कॉलसाठी खुशाल घ्या, येणाऱ्या कॉलसाठी जुनी लाइन चालू ठेवा. दोन्ही एकाच यंत्रणेत बसतात, आमच्याकडे बसवून घेतल्या आहेत.

घ्यायची तर ही यंत्रणा जरूर घ्या. फक्त पैसे देण्याआधी पुरवठादाराला समोर उभं करून एका इमारतीचा मेन स्विच पाडा, दोन तास थांबा, आणि मग तिथल्या फोनवरून गेटला फोन लावायला सांगा. आमच्या दुसऱ्या टप्प्याच्या निविदेत ही अट मी लिहून दिली आहे.